‘दर्याराणी’वरचे चाळीस सेकंद

१

‘दर्याराणी’ खडकावर चढली तेव्हा तिच्या केबिनमधला डबा काय करत होता, या प्रश्नाला शनिवार सकाळपर्यंत तीन उत्तरं तयार झाली होती. त्यातलं एकही दुसऱ्याशी जुळत नव्हतं.

घटना शुक्रवारी पहाट उलटल्यावरची. जानेवारीतलं धुकं रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी असं बसलं होतं, की किनाऱ्यावरच्या माडांचे नुसते शेंडे तरंगत होते, खालचे बुंधे कोणीतरी खोडून टाकावेत तसे. पाणी ओसरलेलं. बंदरपाखाडीच्या मच्छीमार सोसायटीची होडी परत येत होती, सुकाणूवर तांडेल हरेश्वर, पुढच्या टोकाला नाळेवर खलाशी मोरू. आणि ती सरळ जाऊन खडकाला भिडली. दोन फळ्या फुटल्या, मोरूचं मनगट मोडलं, मासळी समुद्राला परत मिळाली.

बंदरपाखाडीत तांडेल म्हणजे होडीचा मेंदू. त्याच्या हातून होडी खडकावर गेली तर चौकशी होते, आणि तो सुकाणूवर झोपला होता असं ठरलं तर त्या गावात त्याच्या हातात पुन्हा सुकाणू दिलं जात नाही. मरेपर्यंत नाही. याला अपील नाही, कारण अपील करायचं ते त्याच लोकांकडे. सोसायटीची सभा रविवारी चार वाजता होती.

किहीमला नारळाच्या वाडीत भाड्याच्या कॉटेजमध्ये राहणाऱ्या नूतन चुरी हिचा या सगळ्याशी संबंध यावा, असं वरकरणी काहीच नव्हतं. तिने मुंबईत अठरा वर्षं एका कंपनीत नोकरी केली होती आणि एके दिवशी मीटिंगमध्ये ‘आपण सगळे एक कुटुंब आहोत’ हे वाक्य नवव्यांदा ऐकल्यावर ती उठून आली होती. आता ती लोकांनी फुकट लिहिलेलं कोड फुकट तपासायची. नारळ उलट उत्तर देत नाहीत, आणि चुकून पडलेच तर निदान वर बघायची सवय लागते.

तिने तपासलेल्या कोडमध्ये ‘ओहोटी’ नावाचा एक प्रोग्राम होता. सी भाषेत लिहिलेला, कोणालाही उघडून वाचता येईल असा. होड्यांवरच्या लहानशा डब्यात तो चाले. पाणी किती, खडक कुठे, हे ओळखून तो मराठीत बोलायचा: ‘पुढे अमुक खडक. डावीकडे घ्या.’ बंदरपाखाडीच्या बावीस होड्यांवर असे डबे होते.

शनिवारी सकाळी धुक्यातून एक स्कूटर आली. तिच्यावरून हेमाली उतरली, हरेश्वर तांडेलची मुलगी, इंजिनियर, आणि ‘ओहोटी’त कोड लिहिणाऱ्या चार जणांपैकी एक. केसांवर धुक्याचे थेंब तसेच ठेवून ती पायरीवर बसली.

“नूतनताई, ते मी केलं,” ती म्हणाली. “माझ्या कोडने डबा बंद पडला. बाबांचा काही दोष नाही. तुम्ही तसं लिहून द्या.”

नूतन चहाचं आधण ठेवायला वळणार, तोच हेमालीचा फोन वाजला. तिने ऐकलं, आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

“काय झालं?”

“बाबांनी सोसायटीत जाऊन सांगितलं. झोप लागली होती म्हणून.”

२

हेमालीने काय केलं होतं, ते नूतनला चांगलंच माहीत होतं. तिनेच ते तपासून मंजूर केलं होतं.

प्रोग्रामला काम करायला मेमरी लागते. ती स्वतःची नसते, मागून घ्यावी लागते. गावकीची मोठी भांडी असतात तशी. लग्न निघालं की टोप, पराती, घंगाळी न्यायची, कार्य झालं की परत आणून द्यायची. सी भाषेची खोड अशी, की परत करायची आठवण ती कोणाला करत नाही. ज्याने नेलं त्याने आणून द्यावं. न दिलं तर कोठीतली भांडी संपतात, आणि गावात शेवटच्या लग्नाला पत्रावळीवर आमटी वाढायची वेळ येते.

‘ओहोटी’त नेमकं तेच चाललं होतं. प्रत्येक इशाऱ्यासाठी एक भांडं नेलं जायचं, परत कोणीच करत नव्हतं. दहा-बारा तासांनी डबा जड व्हायचा, अडखळायचा. तीन आठवड्यांपूर्वी हेमालीने आवराआवरीचं कोड लिहिलं: इशारा बोलायला दिला, की भांडं परत. सात ओळी. नूतनने त्या चार वेळा वाचल्या आणि खाली लिहिलं, ‘नीटनेटकं. मंजूर.’

“मी भांडं दोनदा परत केलं,” हेमाली आता म्हणत होती. “एकदा वर, एकदा खाली. म्हणून प्रोग्राम मेला.”

एकच भांडं दोनदा परत केलं, तर कोठीवाला वाद घालत बसत नाही. हिशेब बिघडला हे ओळखून तो कोठीला कुलूप लावतो आणि घरी जातो. म्हणजे प्रोग्राम जागच्या जागी थांबतो. मग डबा स्वतःच पुन्हा सुरू होतो.

नूतनने लॅपटॉप उघडला, सात ओळी वर-खाली केल्या आणि बंद केला.

“हेमाली, तू खोटं बोलतेयस.”

“न्हाय ताई.” घाबरली की ती घरच्या भाषेत जायची.

“तुझ्या सात ओळींत भांडं एकदाच परत जातं. बावीस होड्यांवर तीन आठवडे चालतंय हे. तुझं कोड चांगलं आहे. कबुलीजबाब मात्र फार गबाळा लिहिलायस.”

हेमाली पायरीवरून उठली.

“माझं कोड चांगलं असेल,” ती हळूच म्हणाली, “तर मग बाबा झोपले होते.”

एवढं बोलून तिने चहा न घेता स्कूटर सुरू केली.

३

निकेत हा ‘ओहोटी’चा जन्मदाता. तो ऐरोलीत चौदाव्या मजल्यावर राहायचा आणि समुद्र त्याला फोनच्या वॉलपेपरवर दिसायचा.

“मॅम, सिंपल है,” तो फोनवर म्हणाला. “लॉग खोटं बोलत नाही. डब्याने इशारा दिला. तांडेलने ऐकला नाही, सो गया. सॅड आहे, पण प्रोजेक्टची इमेज क्लिअर आहे ना.”

“लॉग पाठव.”

लॉग म्हणजे डब्याने स्वतःची लिहिलेली रोजनिशी. त्यातल्या दोनच ओळी कामाच्या होत्या.

६ वाजून ४१ मिनिटं १० सेकंद. खडक: — इशारा दिला.
६ वाजून ४१ मिनिटं ५० सेकंद. ओहोटी सुरू.

“दुसरी ओळ का आली?” नूतनने विचारलं. “डबा पुन्हा का सुरू झाला?”

“अरे मॅम, होडी आपटली ना. धक्का बसला, पॉवर गेली, आली. पहिला इशारा, मग धडाम, मग चाळीस सेकंदात रीस्टार्ट. डबा उठायला चाळीस सेकंद घेतोच.”

“आणि हा ‘इशारा दिला’ तू कधी लिहितोस? बोलून झाल्यावर?”

पलीकडे खुर्ची करकरली. चौदाव्या मजल्यावरची, चाकांची.

“वाक्य स्पीकरकडे सोपवलं की. म्हणजे… बोलतोच ना तो नंतर.”

“टपाल पेटीत टाकलं म्हणजे पोचलं, असं.”

“मॅम, तुम्ही प्रत्येक गोष्ट पर्सनल घेता.”

फोन ठेवल्यावर नूतन त्या पहिल्या ओळीकडे पाहत राहिली. ‘खडक:’ याच्यापुढे खडकाचं नाव असायला हवं होतं. तिथे एक आडवी रेघ होती, आणि रेघेत काहीच नव्हतं.

४

दुपारी ती बंदरपाखाडीत पोचली तेव्हा धुकं विरून त्याचं पांढरं ऊन झालं होतं. दोरीवरचे बोंबील वाऱ्यावर हलत होते. लांबून वाटावं, कोणीतरी खूप लहान माणसांचे कपडे वाळत घातलेत.

मोरू त्यांच्याखाली बाजेवर बसला होता. हात प्लास्टरमध्ये, आणि प्लास्टरवर शेजारच्या पोरींनी काढलेली नक्षी.

“कसं झालं, मोरूदादा?”

“सगली उलटा सांगतात, बाय. होडी आपटली न मोरू पडला. आता पन्नास लोकांना सांगलाय, पयला मी पडलू, मंग होडी आपटली.”

“आधी का पडलास?”

“तांडेलान एकदम रिवर्स मारला ना! इंजिन असा बोंबलला… मी नाळेवर हुबा, तोंडावर आलू. मंग खालून कर्रर्र झाला.”

नूतनने मान हलवली. तिच्या डोक्यात एक कडी लागल्याचा आवाज झाला.

“आणि डबा? काही बोलला?”

“आपटायच्या आगोदर? एक अक्षर न्हाय. आन् आपटली रे आपटली, अजून होडी हलतंय, तर मेला बोलतो कसा, ‘राम राम, ओहोटी सुरू झाली!’ मी बोललू, आता राम राम करतंस? आता तर तिरडी बांध!”

“आपटल्यावर लगेच? की थोड्या वेळाने? नीट आठव.”

“लगीच, बाय. माझा तोंड अजून फलीवर व्हता.”

नूतनने बोटावर मोजलं. डबा उठायला चाळीस सेकंद घेतो. होडी आपटल्याबरोबर तो ‘राम राम’ म्हणाला. म्हणजे धक्क्याने तो बंद पडलेला नव्हता. तो आपटण्याच्या चाळीस सेकंद आधीच मेला होता. इशारा द्यायच्या नेमक्या क्षणी, तोंड उघडायच्या आत. निकेतची रोजनिशी खरी होती, तिचा अर्थ मात्र त्याने आपल्या सोयीने लावला होता.

हरेश्वर तांडेल ओल्या वाळूत, कलंडलेल्या ‘दर्याराणी’च्या सावलीत बसला होता. साठीचा, खांद्यात रुंद, बोलण्यात अरुंद.

“झोप लागली,” तो म्हणाला. तिने अजून काही विचारलं नव्हतं.

“झोपलेला माणूस रिवर्स मारतो?”

“हाताला सवय आसते.”

“हाताला सवय, आणि हेमालीला कोड. दोघंही आपापलं पाप मला आणून देताय. मला ठेवायला जागा नाही.”

हेमालीचं नाव निघताच त्याने मान वर केली. “तिना काय सांगला?”

“तिने सांगितलं, तिच्यामुळे झालं.”

“पोर येडी हाय,” तो म्हणाला. “तिचा नाव न्हाय यायला पायजे. मी झोपलू. लिहून घ्या.”

“बरं. कोणत्या खडकावर झोपलात?”

हरेश्वरने हनुवटी उचलून समुद्राकडे केली. बस्स.

“थोरली?”

तो उठला आणि नीट असलेली गाठ सोडून पुन्हा बांधू लागला.

बंदरपाखाडीत त्या खडकाला जमिनीवर वाघीण म्हणतात. पाण्यावर गेलं की ते नाव कोणी घेत नाही, तिथे ती थोरली होते. हे नूतनला गावातल्या प्रत्येकाने कधी ना कधी सांगितलं होतं, कारण बाहेरच्या माणसाला असलं काही सांगायला सगळ्यांना आवडतं. पण हनुवटी उचलून दाखवणारा माणूस तिला आज पहिल्यांदा भेटला होता.

५

संध्याकाळभर तिने कोड वाचलं. या वेळी बदललेल्या सात ओळी नव्हे, तर त्यांच्या आजूबाजूचं न बदललेलं. तपासणाऱ्यांचा हा जुना आळस: जिथे नवा रंग लागलाय तिथेच बघायचं, भिंत कोणाची ते विचारायचं नाही.

हेमालीचं कोड भांडं आणायचं आणि ते बाळाजीकाकांच्या कोडकडे द्यायचं. बाळाजीकाकांचं कोड त्यात वाक्य तयार करायचं: खडकाचं नाव, दिशा. मग स्पीकर. मग भांडं परत.

बाळाजी राऊत चौलचे. सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाले आणि दुपारची झोप येत नाही म्हणून सी भाषा शिकले. त्यांचं कोड ओळखायला नाव वाचावं लागत नसे. प्रत्येक ओळीच्या वर तीन ओळींचा खुलासा असायचा, ‘उपरोक्त विषयान्वये येथे अंक एकने वाढविण्यात येत आहे’ अशा थाटाचा.

आणि त्या सगळ्या खुलाशांच्या गर्दीत नूतनला पाच ओळी सापडल्या. त्यांच्यावर एका अक्षराचाही खुलासा नव्हता.

दोन वर्षांपूर्वीच्या. त्या असं म्हणत होत्या: खडकाचं नाव कोरं असेल, तर मोठं भांडं इथूनच परत करून टाका, आणि आधीच तयार असलेलं लहान वाक्य बोला. ‘पुढे खडक. डावीकडे घ्या.’

नूतन खुर्चीत मागे टेकली. नाव कोरं असलं, की भांडं इथे एकदा परत. आणि खाली, हेमालीच्या सात ओळींत, दुसऱ्यांदा.

पण किनाऱ्यावर चाचणी घेताना नाव कोण कोरं ठेवणार? तिथल्या डब्यात सगळ्या खडकांना नावं होती; ती बदलायची सोय ज्याच्या त्याच्या होडीवर होती. कोरं नाव समुद्रावरच्या एकाच होडीवर असू शकत होतं. त्या खडकाचा इशारा पाणी उतरलं तरच निघे, आणि जुना लॉग सांगत होता, की नवं कोड आल्यापासून ‘दर्याराणी’ उतरत्या पाण्यात तिथे शुक्रवारीच पहिल्यांदा आली होती. आणि पस्तीस वर्षं कागदावर शेरा मारल्याशिवाय जेवायला न उठलेल्या माणसाने या पाच ओळींवर शेरा का मारला नव्हता?

६

रविवारी सकाळी चौलला बाळाजीकाकांच्या सुपारीच्या वाडीत पाट वाहत होता आणि धुकं झाडांच्या कमरेपर्यंत आलं होतं. काकांनी तिला चहा दिला, तिने शेवटचा घोट घेतला न घेतला तोच कप तिच्या हातातून घेऊन धुतला, जाता जाता शेजाऱ्याचा गळका नळ बंद केला आणि रस्त्यावरचं कोणाचं तरी उघडं फाटक लावून आले.

“काका, ती कोऱ्या नावाची सोय कोणासाठी केली होती?”

काका पंचाला हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

“हरेश्वर झोपला होता असं ऐकलं मी,” ते म्हणाले. “वाईट वाटलं. वयाचा परिणाम.”

“तो झोपला नव्हता. डबा मेला होता. कोऱ्या नावापाशी.”

काका खाली बसले.

“बुधाजी,” ते म्हणाले. “हरेश्वरचा धाकटा भाऊ. त्या खडकावर गेला, बावीस वर्षं झाली. तेव्हापासून त्या घरात खडकाचं कुठलंच नाव घेत नाहीत. वाघीण नाही, थोरली नाही. नुसती हनुवटी. मग हा डबा आला आणि होडीत नाव घ्यायला लागला. हरेश्वर मला काही बोलला नाही हो. एक दिवस डब्यासमोर उभा राहिलेला बघितला मी. घरी आलो आणि तेवढ्या ओळी लिहिल्या. त्याला सांगितलं, नाव पुसलंस तरी चालेल. डबा समजून घेईल.”

“आणि खुलासा?”

“काय लिहिणार त्यात? कोणासाठी, ते लिहावं लागलं असतं. जगभर वाचलं जातं ना ते. पण दोन वर्षं चाललं की गं! कधी कुरकूर नाही.”

“कारण तोवर आवरणारं दुसरं कोणी नव्हतं. आता हेमाली आवरते. तुम्हीही आवरता. पंगत संपली की एकच ताट दोघांनी ओढावं, तसं.”

काकांनी डोळे मिटले. “आणि हे दोघांपैकी कोणाला दिसलं नाही?”

“दिसायला हवं होतं ते तिसरीला,” नूतन म्हणाली. “तिने नीटनेटकं म्हणून मंजूर केलं.”

साडेतीनला तिने हरेश्वरला धक्क्यावर गाठलं आणि सगळं सांगितलं. डबा मेला होता, तुम्ही जागे होता, पाण्याचा रंग बदललेला दिसताच तुम्ही रिवर्स मारला. नाव पुसणं ही तुमची चूक नव्हती, ती सोय होती. हरेश्वरने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“मना वाटला, मी नाव पुसला म्हनून डबा बिघडला,” तो म्हणाला. “पोर बोलली व्हती, बाबा डब्यातला काय बदलू नका. मी बदलला.”

“म्हणून झोपलात.”

“व्हय.”

“आता सभेत सांगते मी—”

“न्हाय.” त्याचा आवाज वाढला नाही, पण नूतन थांबली. “नाव का पुसला, ता ईचारतील. मंग त्याचा नाव निघल. चार लोकांत, च्या पिता पिता. त्यापरीस सुकानू जाऊ दे.”

आणि तो सभेला निघाला, आपलं सुकाणू द्यायला.

७

सभा जाळी विणायच्या मांडवात होती. सोसायटीच्या अध्यक्षा सोनूबाई खुर्चीत बसल्या होत्या. सत्तरीच्या, नाकात मोठी नथ, आणि कोणाच्याही बापाला ‘पोरा’ म्हणायचा अधिकार मिळवलेल्या. शंभरेक माणसं खाली. हेमाली खांबाला टेकून उभी, डोळे सुजलेले.

“हरेश्वर बोलतंय झोपला व्हता,” सोनूबाई म्हणाल्या. “मंग सभा कशाला? मुंबईवाल्या बायला काय सांगायचा हाय म्हनून. सांग बाय, बेगीन सांग. मासली थांबत न्हाय.”

नूतनने ‘दर्याराणी’चा डबा समोर टेबलावर ठेवला. “मला काही सांगायचं नाही. डबाच सांगेल.”

चाचणीसाठी डब्याला खोटंच सांगायची सोय होती, की तू आता अमुक ठिकाणी आहेस. तिने हेमालीला खुणेने बोलावलं. हेमालीने फोनवरून डब्याला खडकापाशी नेलं. नूतनने नावाच्या जागी थोरली भरलं होतं.

‘पुढे थोरली,’ डबा खणखणीत म्हणाला. ‘डावीकडे घ्या.’

“मंग बोलतंय की!” कोणीतरी ओरडलं. “तांडेल झोपलाच व्हता!”

हरेश्वर जमिनीकडे बघत होता.

“हे झालं बाकीच्या होड्यांवरचं,” नूतन म्हणाली. “आता शुक्रवारी या होडीवर जसं होतं, तसं.” तिने सगळ्यांदेखत थोरलीचं नाव पुसलं आणि जागा कोरी ठेवली. का पुसलं, ते सांगितलं नाही. हेमालीने पुन्हा डब्याला खडकापाशी नेलं.

डब्याचा हिरवा दिवा विझला.

नूतन मनात मोजत होती. दहाव्या सेकंदाला मागून कोणी खोकलं. पंधराव्याला मोरूने खांदे उडवून आजूबाजूला पाहिलं, ‘मी सांगत व्हतू ना’ अशा थाटात. विसाव्या सेकंदाला पुढच्या रांगेतली एक म्हातारी त्या विझलेल्या दिव्याकडे बघून डोक्यावरचा पदर नीट करू लागली, आणि नूतनच्या लक्षात आलं, की या मांडवातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला कोणाच्या होडीवर, कोणत्या खडकाचं, कोणामुळे नाव पुसलेलं असेल हे कळलं आहे. विचारायची गरजच नव्हती. एकेक मान समुद्राकडे वळत गेली. तिथे पाणी ओसरत होतं, आणि दूर, उन्हाच्या वाफेत, काहीतरी काळं अर्धवट वर आल्यासारखं वाटत होतं. किंवा ते नुसतं बघणाऱ्याचं वाटणं होतं. हेमालीने खांब सोडला होता. ती बापाकडे बघत होती.

चाळीस.

‘राम राम,’ डबा म्हणाला. ‘ओहोटी सुरू झाली.’

“बोललू व्हतू ना!” मोरू प्लास्टरसकट उठला. “असाच! तोंड फलीवर असताना!”

“शुक्रवारी होडी या चाळीस सेकंदांत होती,” नूतन म्हणाली. “धुक्यात, उतरत्या पाण्यात. तांडेल जागा होता. मोरू आधी पडला तो रिवर्स मारल्यामुळे. तांडेल झोपलेला असता, तर मोरूचं मनगट शाबूत राहिलं असतं आणि बाकी काहीच नाही.”

“आन् डब्याला मारला कोनी?” सोनूबाईंनी विचारलं.

“मी,” असं म्हणत चौलचे बाळाजीकाका मागून उभे राहिले. “कोठीत एकच भांडं दोनदा परत गेलं, की डबा मरतो. एकदा ते मी परत केलं.”

“मी पण केलं,” हेमाली म्हणाली.

“आणि दोघांनी केलेलं मी बघितलं नाही,” नूतन म्हणाली.

सोनूबाईंनी तिघांना आळीपाळीने न्याहाळलं. “एक भांडा, आवरायला दोघा, न बघायला आंधली. बरा झाला गावात आजून कोनी शिकलेला न्हाय.” मांडवात हसू फुटलं. त्या हसल्या नाहीत. “हरेश्वर, हतं ये.”

तो पुढे आला.

“जागा व्हतास?”

त्याने मुलीकडे पाहिलं. “व्हय.”

“मंग झोपलू कशाला बोललास? सोसायटीत खोटा बोलनारा तांडेल मना नको. परत बोलशील?”

“न्हाय.”

“सुकानू तुझा. फल्या बसव, न पयल्या फेरीला ही,” त्यांनी नूतनकडे बोट केलं, “तुझ्यासंगती होडीत बसल. ज्यान मंजूर केला त्यान पान्यावर यावा. येशील का, बाय?”

अठरा वर्षांच्या नोकरीत नूतनला असा नियम कुठे भेटला नव्हता. भेटला असता, तर बरीच सॉफ्टवेअरं जगात आलीच नसती.

“येईन,” ती म्हणाली.

८

बाळाजीकाकांनी आपली परत करायची ओळ स्वतः काढली. भांडं जो आणेल तोच परत करील, असं ठरलं. हेमालीने कोऱ्या नावाची चाचणी जोडली, म्हणजे पुन्हा कोणी तिथे हात लावला तर किनाऱ्यावरच कळावं. काकांनी उरलेल्या चार ओळींवर एकच ओळ खुलासा लिहिला: ‘नाव नसले तरी इशारा द्यावा.’ नूतनने ते सगळं वाचलं, आजूबाजूचंही वाचलं, आणि या वेळी ‘मंजूर’ लिहायला तिला तीन दिवस लागले. निकेतने ‘अब तो कर दो, मॅम’ असा निरोप पाठवला. तिने उत्तर दिलं नाही.

फळ्या बसल्यावर ‘दर्याराणी’ निघाली ती उतरत्या पाण्यावर, मुद्दाम. पुन्हा तसंच धुकं होतं. किनारा गेला, आकाश गेलं, पाणी आणि हवा यांच्यातली शिवण उसवली. इंजिनाचा आवाज सुद्धा लांबच्या कोणा दुसऱ्या होडीचा वाटत होता. हेमाली डब्यापाशी बसली होती. नूतन बादलीपाशी, तपासणीचा हा भाग तिला फारसा जमत नव्हता. हरेश्वर सुकाणूवर उभा होता आणि पुढच्या पांढऱ्या शून्याकडे असं बघत होता, की त्यात त्याला वाचता येण्यासारखं काही लिहिलेलं असावं.

हेमालीने बोटं एकमेकांत घट्ट अडकवली.

‘पुढे खडक,’ डबा म्हणाला. ‘डावीकडे घ्या.’

“व्हय,” हरेश्वर म्हणाला आणि सुकाणू वळवलं.

थोड्या वेळाने उजव्या हाताला धुकं जरा काळं झालं, ओलं झालं, आणि खडक आला. अंगावर पाणी निथळत, कुठलीही घाई नसल्यासारखा. होडी त्याच्या शेजारून चालली. नूतनने बादलीतून मान वर काढली होती.

“माझा भाव,” हरेश्वर म्हणाला. त्याने कोणाकडे पाहिलं नाही, हनुवटीही उचलली नाही. “बुधाजी नाव त्याचा. डोईत मधी भांग पाडायचा. मना बोलायचा, दादा, तू होडी म्हैस हाकल्यासारखी चालवतंस.”

हेमालीने वळून बापाकडे पाहिलं. हे नाव तिने त्याच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं.

“मंग?” तिने विचारलं. “तो कशी चालवायचा?”

हरेश्वरने इंजिन जरा कमी केलं, सुकाणूवर तिला जागा करून दिली, आणि सांगायला लागला.